नाव कुठून कापावं

एकदा एक जुनं कार्यालय कापडी रुमालांतून उठून एका लोखंडी पेटीत राहायला गेलं.

रुमाल म्हणजे दप्तर बांधायचं लाल कापड. त्या कार्यालयात असे अकराशे रुमाल होते. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या बावीस गावांच्या पुनर्वसनाचं ते कार्यालय. गावं बुडून चाळीस वर्षं झाली होती, पण कार्यालय अजून कोरडं होतं आणि रोज साडेदहाच्या सुमारास उघडत होतं. मग वरून आदेश आला आणि सगळे कागद यंत्रातून काढून त्यांची छायाचित्रं पेटीत भरण्यात आली. मूळ कागद दुसऱ्या जिल्ह्यातल्या गोदामात गेले. तिथे कागद गेल्याची नोंद होती. परत आल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

पेटीला सगळे सर्व्हर म्हणत. सात टेबलांवरचे सात संगणक तिला तारेने जोडलेले होते आणि प्रत्येक पडद्यावर ती 'सामायिक ड्राइव्ह' या नावाने दिसे. शिपाई तिला सगळ्यांचं कपाट म्हणे. ते नाव जास्त बरोबर होतं, म्हणून ते वापरात आलं नाही.

या कपाटाची जबाबदारी हेमांगी शेलवले या लिपिक बाईंकडे होती. वय पस्तीसच्या आसपास, अक्षर सुंदर, स्वभाव आज्ञाधारक. नोकरीची पहिली सात वर्षं तिने अभिलेखपाल दिनकरराव कारखानीस यांच्या हाताखाली काढली होती. महसुली रिवाजाप्रमाणे सगळं कार्यालय त्यांना भाऊसाहेब म्हणे. रुमालाची गाठ कशी मारावी, कागदात कडुनिंबाचा पाला किती घालावा, खळ किती पातळ ठेवावी, हे सगळं तिला त्यांनी शिकवलं. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला अभिलेख कक्षात मांडणीपुढून फिरवलं होतं आणि लग्नघरात नव्या सुनेला नातेवाईक दाखवावेत तशी एकेका गावाची ओळख करून दिली होती. हे कुसाळवाडी, घरं एकेचाळीस, भांडणं दोनच. हे पाथरडोह, इथले सगळे एकाच आडनावाचे, तेव्हा वडिलांचं नाव पाहिल्याशिवाय कागद काढू नको. त्या खोलीला खळीचा, पाल्याचा आणि जुन्या कापडाचा मिळून एक वास होता. खोली रिकामी झाली तेव्हा तो वास कोणत्याच यादीत नव्हता, म्हणून कोणी त्याची पोच मागितली नाही.

पेटीत कागद गेले, पण कारकुनाची सवय कागदाचीच राहिली. पत्राला विषय लिहावा तसं प्रत्येकाने आपल्या फोल्डरला नाव दिलं. सर्वांत वर 'मा. विशेष पुनर्वसन अधिकारी महोदय यांचे कार्यालयाकडील संगणकीकृत अभिलेख'. त्याच्या पोटात 'धरणग्रस्त खातेदारांचे संपादित घरांबाबतचे पंचनामे व तदनुषंगिक पत्रव्यवहार'. त्याच्या पोटात 'अंतिम'. त्याच्या पोटात 'अंतिम सुधारित'. त्याच्या पोटात 'अंतिम सुधारित (साहेबांनी पाहिलेले)'. आणि या सगळ्यांच्या तळाशी, धरणाच्या तळाशी असावं तसं, गाव. आणि गावात माणूस.

तरीही काम चाललं होतं. मग नवे साहेब आले. तपासणी जवळ आली होती, म्हणून त्यांनी सर्वांत वरच्या नावात कार्यालयाच्या विभागाचं, उपविभागाचं आणि जिल्ह्याचं नाव घालायला सांगितलं. ते घातलं गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तीनशे अठरा फाइली उघडेनाशा झाल्या. पडद्यावर एकच वाक्य येई की नाव फार लांब आहे. फाइल दिसे, पण ती उघडत नसे, तिची नक्कल निघत नसे, एवढंच काय, ती पुसताही येत नसे. काचेआडच्या मिठाईकडे पाहावं तसं सगळे तिच्याकडे पाहत.

हेमांगीने जिल्ह्याच्या संगणक कक्षाला दूरध्वनी केला. तिथल्या माणसाने सांगितलं की संगणक केवळ फाइलचं नाव मोजत नाही. ड्राइव्हपासून फाइलपर्यंत वाटेत जेवढी नावं लागतात ती सगळी एकापुढे एक धरून मोजतो, मधली मोकळी जागा आणि काना-मात्रासुद्धा सोडत नाही. ही बेरीज दोनशे साठच्या आत हवी. तेव्हा नावं लहान करा. एवढं सांगून त्याने दूरध्वनी ठेवला. त्याचं सांगणं खरं होतं. कुठून लहान करा, ते त्याने सांगितलं नाही आणि हिने विचारलं नाही.

तिने जे हाताशी होतं तिथून सुरुवात केली. वरच्या नावात साहेब होते. त्यांना हात लावायचा प्रश्नच नव्हता. त्याखालचं नाव मागच्या साहेबांनी ठरवलेलं. 'अंतिम' काढावं तर तपासणीत कोणी विचारलं असतं, की मग अंतिम कुठे आहे. उरली गावं आणि माणसं. तिने गावांचे फोल्डर मोडले आणि माणसांची आद्याक्षरं केली. यशवंत धोंडी कुंभार याचा यधोंकु झाला. संगणकाने तक्रार केली नाही. दोन दिवसांत तिने अशा दोनशे फाइली बऱ्या केल्या आणि तसा अहवाल साहेबांना दिला. साहेबांनी तिचं कौतुक केलं. उरलेल्या एकशे अठरा फाइली सगळ्या 'अंतिमां'च्या खाली, अगदी तळाला होत्या. त्यांचं नाव कापायलाही संगणक देईना. वरची नावंच एवढी लांब होती, की खाली एका माणसालाही जागा उरली नव्हती.

बुधवारी दुपारी यमुनाबाई कुळये आल्या. वय सत्तरीच्या पुढे, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. त्यांची नात आरोग्यसेविकेच्या परीक्षेत निवडली गेली होती, प्रकल्पग्रस्तांच्या जागेवर. सोमवारी कागदपत्रांची तपासणी. दाखला आजोबांच्या नावाचा. तो नातीच्या नावावर करून हवा होता आणि त्यासाठी बुडालेल्या घराचा पंचनामा लागत होता. सोमवारी दाखला नसला की जागा यादीतल्या पुढच्या माणसाची.

पंचनामा यमुना धोंडी कुळये या नावाचा, म्हणून हेमांगीने यधोंकु उघडला. तो यशवंत निघाला. मग यधोंकु दोन, यधोंकु तीन, असे एकूण सहा यधोंकु तिने उघडले. सहाही पुरुष होते आणि त्यांतले तीन कोणत्या गावचे, ते कागदाच्या तिसऱ्या पानापर्यंत कळलं नाही. यमुनाबाई शांतपणे बघत होत्या. हेमांगीने त्यांना समजावून सांगितलं की कागद पेटीत आहे, फक्त आत्ता दिसत नाही.

"बाई, गाव गेलं ते समजलं," यमुनाबाई म्हणाल्या. "कागद बी गेला का?"

हेमांगीने त्यांना शुक्रवारी यायला सांगितलं आणि कार्यालय सुटल्यावर थेट भाऊसाहेबांच्या घरी गेली. त्यांच्याजवळ एखादी जुनी नोंदवही, एखादी नक्कल असेल, अशी तिची आशा होती.

भाऊसाहेब बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. निवृत्तीनंतर ते पेन्सिल घेऊन वर्तमानपत्र वाचत आणि शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करून तो अंक संपादकांना परत पाठवत. संपादकांनी अजून एकदाही आभार मानले नव्हते. भाऊसाहेबांनाही तशी अपेक्षा नव्हती. हेमांगी उन्हातून चालत आली होती. खिडकीजवळच्या खुर्चीवर बसून तिने सगळी हकीकत सांगितली: वरची नावं, खालची नावं, सहा यधोंकु आणि यमुनाबाई. ते पेन्सिल हातात धरून ऐकत होते. फक्त गावांचे फोल्डर मोडल्याचं ऐकलं तेव्हा त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"नक्कल माझ्याकडे नाही," ते म्हणाले. "पाणी हवंय का तुला?"

तिने मान हलवली.

"मग अर्ज कर."

भाऊसाहेबांच्या तऱ्हा तिला ठाऊक होत्या. त्यांनी कोऱ्या कागदाची एक लांब पट्टी फाडून तिच्या हातात दिली आणि पेटीच्या रीतीने लिहायला सांगितलं. वरून खाली यायचं. घर कोणाचं, खोली कुठली, खुर्ची कुठली, मग माणूस, मग मागणी. घसा कोरडा पडला होता, तरी हेमांगीने आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं: 'मा. निवृत्त अभिलेखपाल श्री. दिनकरराव कारखानीस महोदय यांचे निवासस्थानातील तळमजल्यावरील दर्शनी खोलीतील खिडकीलगतच्या खुर्चीवर आसनस्थ असलेल्या हेमांगी शेलवले यांना पिण्याचे पाणी'.

भाऊसाहेबांनी पट्टी बोटांनी मोजली. चार बोटं जास्त भरली. त्यांनी टेबलावरची कात्री घेतली, शेवटची चार बोटं कापून खिशात टाकली आणि उरलेली पट्टी स्वयंपाकघरातून आलेल्या सुनेच्या हातात दिली.

सूनबाईंनी ती दोनदा वाचली. "असलेल्या? पुढे काय, बाबा?" त्या म्हणाल्या. "कोणाला काय द्यायचं ते यात लिहिलेलंच नाही. तुमचं नाव मात्र महोदयांसकट आहे." आणि गॅसवर भाजी होती म्हणून त्या आत निघून गेल्या.

हेमांगीला हसू आलं. मग ते ओठांवरच थांबलं.

"तुम्ही मलाच कापलंत, भाऊसाहेब."

"तू दोनशे माणसं कापलीस. मी एकच कापलं, आणि तेही तुझ्याच रीतीने." त्यांच्या आवाजात राग नव्हता. वर्तमानपत्राची घडी घालत ते म्हणाले, "हे बघ, नाव लांब झालं हा काही गुन्हा नाही. आपलं बोलणंच असं आहे की मुद्दा शेवटी येतो. साहेब आधी, कार्यालय मग, त्याखाली गाव. आणि ज्याच्यासाठी हे सगळं मांडलं तो माणूस अगदी टोकाला. म्हणून जागा कमी पडली की कात्री त्याच्यावरच चालते. कोणी दुष्टपणाने करत नाही. टोक हाताशी असतं, एवढंच. भटजी संकल्प सांगतात तेव्हा जंबुद्वीपापासून निघतात. दुपारी दुसरीकडे पूजा असली तर वाटेतली विशेषणं गिळतात. पण यजमानाचं नाव कधी गिळत नाहीत. ते गिळलं तर पूजा कोणाची, ते देवालाही कळायचं नाही. तू जंबुद्वीप ठेवलंस आणि यजमान गिळलास."

मग भाऊसाहेबांनी आपलीच एक गोष्ट सांगितली. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी त्या वेळच्या साहेबांनी हुकूम काढला होता, की प्रत्येक रुमालाच्या पट्टीवर आधी साहेबांचं नाव आणि हुद्दा लिहावा. पुठ्ठ्याची पट्टी ती, चार बोटांची. भाऊसाहेबांनी इमानाने अकराशे पट्ट्या बदलल्या. गावाचं नाव तळाला बारीक अक्षरात गेलं. पुढे साहेबांची बदली झाली, दुसरे आले, पुन्हा अकराशे पट्ट्या. त्यानंतर तिसरे आले. तोवर कार्यालयातली खळ संपली होती. भाऊसाहेबांनी नव्या साहेबांना खळीची मागणी दिली, तिच्यासोबत कारणही लिहिलं. साहेबांना कारण वाचून हसू आलं आणि पट्ट्यांवर पुन्हा गावं आली. "शिडीवर चढलं आणि खालून कोणी 'कुसाळवाडी, कुळये' म्हटलं, की हात आपोआप उजवीकडे जायचा," ते म्हणाले. "डोळे मिटून सुद्धा." आणि जणू ती शिडी अजून तिथेच असावी तसे ते भिंतीच्या वरच्या बाजूला पाहत राहिले.

एवढ्यात सूनबाईंनी तांब्या-भांडं आणून ठेवलं, अर्ज अपुरा असताना. हेमांगी दोन भांडी पाणी प्यायली.

निघताना ती दारात थांबली. वरचं नाव साहेबांनी स्वतः वाढवलेलं, ते कमी करा असं त्यांना कसं सांगायचं, एवढंच तिने विचारलं.

"भीत भीत सांग," भाऊसाहेब म्हणाले. "पण सांग."

गुरुवारी सकाळी साहेबांच्या टेबलापुढे ती एक कागद घेऊन उभी राहिली. त्यावर तिने मोजदाद मांडली होती. वरच्या पाच नावांची बेरीज दोनशे अठ्ठेचाळीस. तळाचं गाव आणि माणूस मिळून सव्वीस. दोन दिवसांपूर्वी दिलेला अहवाल चुकीचा होता, हेही तिने आधी सांगून टाकलं. त्या दोनशे फाइली बऱ्या झाल्या नव्हत्या, बेवारस झाल्या होत्या. साहेबांच्या कपाळावर आठी आली. त्यांना कौतुक परत घेण्याची सवय नव्हती. त्यांनी तपासणीची तारीख विचारली, तिने सांगितली. त्यांनी यमुनाबाईंबद्दल विचारलं, तिने तेही सांगितलं. मग त्यांनी पेन काढलं आणि आपल्याच नावावर, एखाद्या परक्याच्या मसुद्यावर फिरवावं तसं, हळूहळू फिरवायला सुरुवात केली. जिल्हा गेला, विभाग गेला, उपविभाग गेला. अधिकारी, कार्यालय, संगणकीकृत अभिलेख गेले. 'मा.' गेलं. 'महोदय' जाताना पेन किंचित अडखळलं, पण गेलं. 'अंतिम'ची तिन्ही घरं मोडून एक करायला त्यांनी होकार दिला.

"विशेष तेवढं राहू द्या, मॅडम," ते शेवटी म्हणाले. "पदनामातच आहे ते."

हेमांगीने कागदाकडे पाहिलं. ती कधी साहेबांना उलट बोललेली नव्हती आणि आत्ताही बोलत नव्हती. ती फक्त मोजत होती.

"सर, संगणक काना-मात्रा वेगळे धरतो. विशेष पाच जागा घेतं." ती जरा थांबली. "यमुना पण पाचच घेते."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग पेनाचं टोपण लावता लावता ते काढून एक रेघ आणखी मारली. सर्वांत वरच्या फोल्डरचं नाव उरलं 'पुनर्वसन'. कार्यालयाचं काम काय, हे त्या दिवशी प्रथमच एका शब्दात वाचता येत होतं.

एकशे अठरा फाइली दुपारच्या चहाआधी उघडल्या. कुसाळवाडीचा फोल्डर तळाशी होता तसाच होता, एकेचाळीस घरांसकट. हेमांगीला ती नावं कापायची होती, पण संगणकाने हट्ट धरून तिला हात लावू दिला नव्हता. म्हणूनच ती वाचली होती. पंचनामा मिळाला. दाखला नातीच्या नावावर झाला आणि साहेबांनी त्यावर सही केली, पूर्ण पदनामासह, कारण कागदावर जागेला तोटा नव्हता.

शुक्रवारी यमुनाबाई आल्या. दाखला त्यांनी डोळ्यांजवळ धरून वाचला, पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली. पण उठल्या नाहीत. पेटीत कागद कसा राहतो ते बघायचंय, म्हणाल्या. हेमांगीने त्यांची खुर्ची आपल्या बाजूला ओढून घेतली आणि पडद्यावर कुसाळवाडी उघडली. एकाखाली एक एकेचाळीस नावं. यमुनाबाई काचेवर बोट टेकवून एकेक नाव वाचू लागल्या. कोणापाशी थांबून मान हलवत, कोणापाशी नुसत्याच थांबत. आपल्या नावापाशी पोचल्यावर त्यांनी खालचं नाव वाचलं, वरचं वाचलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"गोदाक्का एवढी लांब वर कशी? तिचं न् आमचं दार समोरासमोर. मधे नुसती बोळ होती, बाई. आमटीची वाटी हातोहात जायची."

हेमांगीने सांगितलं की संगणक घरं बघत नाही, नावाचं पहिलं अक्षर बघून मांडतो.

यमुनाबाईंनी थोडा विचार केला. "असू दे," त्या म्हणाल्या. "गावात हाय ना, मग झालं." आणि पिशवी सावरत उठल्या.

त्या गेल्यावर हेमांगीने बाकीचं टपाल बाजूला ठेवलं. मोडलेल्या गावांचे फोल्डर तिने पुन्हा केले, पूर्वी मांडणीवर होते त्या क्रमाने एकेक आठवत. मग पहिला यधोंकु उघडला. या वेळी तिने तो घाईने चाळला नाही. पहिल्या पानापासून तिसऱ्या पानापर्यंत सावकाश वाचला: घर दगडमातीचं, दोन खण, पुढे पडवी, परसात एक शेवगा. वाचून झाल्यावर तिने नावाच्या जागी लिहिलं, 'यशवंत धोंडी कुंभार', आणि त्याला पाथरडोहात नेऊन ठेवलं.

अजून एकशे नव्याण्णव माणसं घरी पोचवायची होती. तिने पुढची फाइल उघडली.